रझाकार प्रकल्प, नववी अ



मागच्या भागात आपण मोगलाईतल्या करोडगिरी नाक्यांवर बोललो. आजचा भाग पुस्तकातून नाही, एका कॅसेटमधून काढलेला आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोलणं लिहून काढलंय. जिथं फार अडखळलो तिथं थोडी झाडझूड केली आहे, बाकी जसंच्या तसं.

तर कॅसेट. साठ मिनिटांची. मुळात तिच्यावर भजनं होती, वडिलांनी तुळजापूरहून आणलेली. विकतच्या कॅसेटवर टेप होऊ नये म्हणून वरच्या बाजूला दोन खाचा असायच्या, आठवतंय का? त्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले की तीच कॅसेट पुन्हा वापरता यायची. मी ते केलं. वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा मार खाल्ला. लेबलावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, 'रझाकार प्रकल्प, ९ वी अ'. साल १९९८.

गेल्या दिवाळीला गावाकडचं घर आवरताना ती सापडली. सोलापुरात एक जण जुन्या कॅसेटी संगणकावर चढवून देतो, त्याच्याकडून करून घेतली आणि पंचवीस-सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकली. अडतिसाव्या मिनिटाला एक म्हातारी बोलता बोलता 'खट्' असा आवाज येतो आणि खाली दबलेलं भजन सुरू होतं. ते बटण मी दाबलेलं आहे. आजचा सगळा भाग तसा त्या खट्-बद्दलच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुण्या-मुंबईकडच्या श्रोत्यांना आमच्याकडचा स्वातंत्र्यदिन वेगळा आहे हे दर वेळी सांगावं लागतं. १५ ऑगस्ट १९४७ ला आमचा भाग स्वतंत्र झाला नाही. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे, तीन मोठ्या भाषा, आणि त्यातले पाच जिल्हे मराठी: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या नावावरून पडलेलं नाव. तेव्हा लातूरही याच जिल्ह्यात होतं, ते १९८२ मध्ये वेगळं झालं. हे लक्षात ठेवा, कारण रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ हे त्याआधी आमच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते. दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात सापडावीत असं दुसरीकडे क्वचितच असेल.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. याला सरकारी नाव 'पोलीस कारवाई', आमच्याकडे सगळे 'पुलिस अ‍ॅक्शन' म्हणतात. सोलापूरकडून आलेल्या फौजेची पहिली मोठी गाठ पडली ती नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हातात येणं गरजेचं होतं, तो पहिल्याच सकाळी आला. त्याच दिवशी नळदुर्गच्या बाजूला हवालदार बचित्तर सिंग मारले गेले. मांडीत गोळ्या लागल्यावरही सरपटत जाऊन त्यांनी हातगोळे टाकले आणि समोरची मशीनगन बंद पाडली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे पदक पुढे १९५२ मध्ये सुरू झालं आणि मागच्या तारखेपासून लागू केलं गेलं, त्या यादीत हे नाव अगदी सुरुवातीचं. आमच्या शाळेची सहल दर पावसाळ्यात नळदुर्गला जायची, नर-मादी धबधबा बघायला, पाणीमहाल बघायला. बचित्तर सिंगांचं नाव मला कोणी सांगितल्याचं आठवत नाही. असो.

१९९८ ला या सगळ्याला पन्नास वर्षं होत होती. शाळेनं ठरवलं की १७ सप्टेंबरला प्रदर्शन भरवायचं. इतिहासाच्या सरांनी चौघा-चौघांचे गट पाडले आणि सांगितलं, गावातल्या पाच म्हाताऱ्या माणसांना भेटा, त्यांनी रझाकाराचा काळ बघितलाय, त्यांचं लिहून आणा. आज विचार करतो तेव्हा वाटतं, सर काळाच्या पुढे होते. त्या वेळी आमच्याकडे इतिहास म्हणजे गाळलेल्या जागा भरा. माणसाला जाऊन विचारायचं ही कल्पनाच कोणाला नव्हती. आज शाळेच्या पुस्तकात 'मौखिक साधने' असा शब्द छापलेला असतो. आम्ही तो शब्द न कळता ते करत होतो.

पण सरांनी बारा प्रश्नही लिहून दिले होते. तिथं गोची झाली. पहिला प्रश्न नाव-गाव. दुसरा वय. आणि तिसरा, मला अजून पाठ आहे: 'रझाकारांनी तुमच्यावर व तुमच्या कुटुंबावर कोणते अत्याचार केले?'

बघा, म्हणजे उत्तर आधीच प्रश्नात आहे.

आमच्या गटात मी, माझ्या बाकावरचा मित्र, आणि आणखी दोघं, जे फक्त बिस्किटांसाठी यायचे. मित्राचं नाव सांगत नाही. गावाचंही नाव सांगत नाही, का ते पुढे येईल. नळदुर्ग ओलांडलं की मोठा रस्ता जळकोट, येणेगूर करत उमरग्याकडे जातो, त्या रस्त्यापासून आत आमचं गाव, एवढं पुरे. मित्राचं घराणं पिंजाऱ्याचं. त्याचे आजोबा कापूस पिंजायचे, वडील गाद्या-उशा भरून द्यायचे. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या.

पहिली मुलाखत घेतली ती गावातल्या एका तात्यांची. तात्या स्वातंत्र्यसैनिक, सन्मानपत्र भिंतीवर. झेंडावंदनाला दर वर्षी त्यांचंच भाषण. आम्ही बटण दाबलं आणि तात्यांनी तेच भाषण सुरू केलं. खरं सांगतो, कॅसेटवर पहिली अकरा मिनिटं ऐकवत नाहीत. 'अन्यायी राजवट', 'जुलमाची परिसीमा', 'स्वामीजींच्या नेतृत्वाखाली'. सगळं खरं, पण त्यात तात्या कुठंच नाहीत. आम्ही माना डोलावतोय, पेन चालतंय, आणि मग मध्येच माझा मित्र विचारतो, 'तात्या, कॅम्पात जेवायला काय असायचं?'

हा प्रश्न बारांत नव्हता. टेपवर ऐकू येतं, तात्या थांबतात. मग हसतात. आणि आवाजच बदलतो त्यांचा. म्हणतात, 'लेकरा, भाकरी आन् मिरचीचा ठेचा. ठेचा संपला की नुसतं मीठ. बार्शीकडनं कोणी पिठलं धाडलं त दिवाळी.' सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात, बार्शी-सोलापूर-अक्कलकोट भागात काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प होते, तिथून पोरं रात्री इकडे घुसायची. तात्या अठरा वर्षांचे होते. त्यांनी बंदूक कधी चालवली नाही, ते चिठ्ठ्या पोचवायचे. चपलेच्या तळात घालून. एकदा नाक्यावरच्या शिपायानं पकडलं, त्यानं चपला काढायला लावल्या, आणि तात्यांना वाटलं संपलं. शिपायाला चपलाच हव्या होत्या. नवीन होत्या. चिठ्ठीसकट गेल्या. तात्या अनवाणी परत आले आणि कॅम्पात सांगितलं, चिठ्ठी पोचली म्हणून. 'पन्नास वर्सं झाली, कोणाला सांगितलं नाही,' म्हणाले, 'तुमी बी लिहू नका.' आम्ही लिहिलं नाही. आता ते नाहीत, त्यांच्या नातवाला विचारून सांगतोय. नातू म्हणाला, सांगा की, आजोबा कमी होत नाहीत त्यानं.

दुसरे एक आजोबा समजले, आम्ही पेन्शनची चौकशी करायला आलोय. त्यांनी कागदपत्रांची पिशवीच पुढं ठेवली. तिसरे वस्तीतले. त्यांचं टेपवर जेमतेम दोन मिनिटं आहे. म्हणाले, 'आमाला कोन इचारलं? तवा बी वेठ, मागून बी वेठ.' आम्ही ते 'विशेष माहिती नाही' असं लिहून पुढे गेलो. आज त्या दोन मिनिटांसाठी मी काय वाटेल ते देईन. वेठबिगारी हा निजामी राजवटीतला केवढा मोठा विषय, आणि आमच्या वहीत त्याला तीन शब्द.

मग माझी आजी. ती मुळात यादीत नव्हती. सर म्हणाले होते, 'ज्यांनी भाग घेतला अशी माणसं.' आजीनं कशातच भाग घेतलेला नव्हता. पण पाचवा माणूस मिळेना म्हणून तिला बसवलं. तिला टेप माहीत नव्हता, ती चूल फुंकता फुंकता बोलली, फुंकणीचे आवाज आहेत मध्ये. १९४८ ला ती पंधरा-सोळा वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली. तिचं बोलणं असं: 'मूग तोडायचे व्हते बग. गणपती बसलेले. पहाटंपास्नं नळदुर्गाकडं धडाड धडाड. सासू मनली, पाऊस येतोय, गवऱ्या आत घ्या. आमी गवऱ्या आत घेतल्या. आभाळ निवळ व्हतं.'

हे वाक्य मी नंतर पंचांगाशी ताडून बघितलं. १३ सप्टेंबर १९४८ हा भाद्रपद शुद्धातला दिवस, गणपतीचेच दिवस. आजीला तारीख सांगता आली नसती, सालही नाही. पण मूग, गणपती आणि गवऱ्या या तिन्ही गोष्टी बरोबर बसतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत साल शोधू नका. पीक शोधा, सण शोधा, घरात कोण बाळंत होतं ते विचारा. तारीख आपोआप सापडते.

आजीनं त्याआधीच्या उन्हाळ्यातली पळापळही सांगितली. रझाकार येणार अशी आवई उठली की धान्य पेवात, भांडी विहिरीत, आणि बैलगाडी जुंपून अंधारात सरहद्दीकडे. तीन वेळा पळाले. तिसऱ्या वेळी रझाकार खरंच आले, शेजारच्या गावात घरं पेटवली, दोन माणसं मारली. तिच्या सासऱ्यांचे ते पाव्हणे. हे ती शांतपणे सांगते. आवाज चढत नाही. फुंकणी चालू.

आणि मग आम्ही मित्राच्या घरी गेलो.

खरं तर पाच जण झाले होते. पण मित्र म्हणाला, 'आमच्या बूबूला पण विचारू, तिला लई माहिती हाय.' बूबू म्हणजे त्याची आजी. सत्तरीपुढची. आम्ही सगळी पोरं तिला बूबूच म्हणायचो. तिच्या हातची शीरखुर्मा खाल्लेली, तिच्या अंगणात गोट्या खेळलेलो. गेलो, बसलो, टेप ठेवला. तिनं आधी कोंबड्याला हाकललं, ते टेपवर छान आलंय. मला विचारलं, 'क्या लिखरा रे, बामनाचं काम?' आम्ही हसलो. मी नाव विचारलं, वय विचारलं. आणि मग कागदावरून, मास्तरच्या थाटात, तिसरा प्रश्न वाचला.

रझाकारांनी तुमच्यावर व तुमच्या कुटुंबावर कोणते अत्याचार केले?

टेपवर त्यानंतर बराच वेळ काही नाही. मी मोजलं, एकवीस सेकंद. लांबून कुठंतरी पिठाच्या गिरणीचा आवाज. मला त्या वेळी वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. मी प्रश्न परत वाचला. मोठ्यानं.

मग ती बोलते. मराठीतच बोलते, मध्ये मध्ये दखनी. रझाकार आले, तांदूळ मागितले, तिच्या सासऱ्याला म्हणाले पोराला आमच्यात घाल. सासरा म्हणाला, पोराला पिंजायला येतं, मारायला येत नाही. त्यांनी त्याला शिव्या घातल्या, गद्दार म्हणाले आणि गेले. 'वो गये,' ती म्हणते. 'मंग फौज आली. फौज बी गेली. मंग दुसरे आले.'

मी विचारतो, 'दुसरे म्हणजे?'

ती म्हणते, आजूबाजूच्या गावचे. मग म्हणते, आपल्या बी गावचे होते. सासऱ्याला आणि मोठ्या दिराला नदीकडे घेऊन गेले. ती दोन लेकरं घेऊन एका लिंगायत घरात, कडब्याच्या गंजीमागं, नऊ दिवस. त्या घरची बाई रात्री भाकरी आणून द्यायची आणि लेकरू रडलं की जात्यावर बसायची, दळायला काही नसलं तरी, आवाज व्हावा म्हणून. दहाव्या दिवशी बाहेर आली तर घराला दार नव्हतं. दार पण नेलं होतं. मी विचारतो, 'कोण होते ते?' आणि ती म्हणते, 'नावं घेऊन काय करू? त्यांची पोरं येतेत ना गाद्या भरायला. त्यांच्यातला एक तर...'

खट्.

का बंद केला मी? आज मला कारणं बरीच सुचतात. चौदा वर्षांचा होतो. घाबरलो होतो. पण खरं कारण तेव्हा अगदी साधं होतं: हे उत्तर तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिता येत नव्हतं. कागदावर जागाच नव्हती त्याला. मी म्हणालो, 'बूबू, सेल संपला.' ती म्हणाली, 'संपू दे.' आणि चहा टाकायला उठली.

वहीत मी तिच्या नावापुढे लिहिलं, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे मुलाखत होऊ शकली नाही.' वही मित्रानं वाचली. प्रदर्शनासाठी जिल्ह्याचा नकाशा त्यानंच काढला होता, फार सुरेख, नळदुर्गचा पूल लाल खडूनं. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. कंपासपेट्या मिळाल्या. तो त्यावर कधी एक शब्द बोलला नाही, आणि मीही नाही.

इथं थोडं थांबून त्या दुसऱ्या मुलाखतींबद्दल सांगतो, म्हणजे मोठ्यांच्या. कारण बूबूकडून जे मी लिहून घेतलं नाही, ते लिहून घ्यायला १९४८ मध्येच काही माणसं आली होती.

पोलीस कारवाईनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात काय झालं याच्या बातम्या दिल्लीला पोचल्या तेव्हा नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार वगैरे मंडळी हैदराबादला आली. २९ नोव्हेंबरला पोचली, २१ डिसेंबरला परत गेली. तीन आठवडे. तेवढ्यात १६ पैकी ९ जिल्हे फिरली. ७ जिल्ह्यांची ठिकाणं, २१ शहरं, २३ मोठी खेडी. शिवाय ज्या गावांत जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या ५०० हून जास्त माणसांशी बोलली. ही चौकशी समिती नव्हती, त्यांनी स्वतःच तसं लिहिलंय. आपण सलोख्यासाठी आलो आहोत, तपासाला नाही. पण माणसं बोलायला लागली तर कान बंद कसे करणार? त्यांनी नाही केले.

त्यांच्या अहवालात एकूण मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे. सगळ्यात जास्त झळ पोचलेले म्हणून चार जिल्हे दिलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चारांत मिळून निदान १८,०००. लातूर शहराबद्दल लिहिलंय की वीस दिवसांहून जास्त काळ मारामारी चालली, आणि दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमान वस्तीपैकी त्यांना जेमतेम तीन हजार दिसले. काही मारले गेले, पुष्कळ पळून गेले. हे आकडे काहींना मान्य नाहीत. सरदार पटेलांनी तेव्हाच अहवालावर कडक आक्षेप घेतला होता. तीन आठवड्यांत, तोंडी माहितीवर काढलेला अंदाज म्हणजे मोजदाद नव्हे, हेही खरं. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी वाचताना मी खुर्चीवरून उठलो. त्यांनी लिहिलंय की कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं. मला ते जातं ऐकू आलं.

सरकारनं अहवाल छापला नाही. तो लोकांना सहज वाचायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात प्रत खुली झाली आणि ए. जी. नूरानींच्या पुस्तकातही तो आला. मी तेव्हा वाचला. पासष्ट वर्षं एक वही बंद होती. माझी पंधरा वर्षं. फार फरक नाही आमच्यात.

आता कोणी म्हणेल, आणि या भागानंतर नक्की म्हणेल, की रझाकारांनी केलं ते विसरायचं का? अजिबात नाही. माझ्या आजीच्या सासऱ्यांचे पाव्हणे मेले ते खरे मेले. तीनदा गाडी जुंपून पळालेली ती बाई खोटं बोलत नव्हती. तात्यांचा ठेचा खरा. अनंत भालेरावांचं 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं, किती लोकांनी किती सोसलं ते कळतं. माझी अडचण वेगळी आहे. या दोन गोष्टींच्या मध्ये कुठला शब्द घालायचा, इथं मी अडतो. 'रझाकारांनी मारलं म्हणून पिंजाऱ्याला मारलं' असं आमच्या गावात आजही म्हणतात. पण तो पिंजारी तर रझाकारांच्याच शिव्या खाऊन बसलेला होता. तिथं 'म्हणून' बसत नाही. 'आणि' बसतो फक्त. आणि 'आणि' लिहिला की वाचणाऱ्याला तो अपुरा वाटतो, त्याला हिशेब हवा असतो.

आणखी एक गोष्ट सांगायची की नाही, याचा दोन आठवडे विचार केला. सांगतो.

आमच्या घरी एक तांब्याचं घंगाळ होतं. मोठं, कडीचं. दिवाळीच्या आंघोळीला बाहेर निघायचं. त्याच्या काठावर टिपके ठोकून नाव घातलेलं, आपल्याकडे घालतात तसं. फक्त ते उर्दूत होतं. लहानपणी मला वाटायचं ती नक्षी आहे. कॉलेजात असताना, २००३ च्या दिवाळीत, डोळे उघडले म्हणा, मी आजीला विचारलं हे कुठून आलं. ती म्हणाली, 'ठेवाय दिलं व्हतं कोणी.' कोणी? 'अरं त्या टायमाला. जाताना दिलं. आलेच न्हाईत परत.'

होऊ शकतं. तसं खूप ठिकाणी झालंय. गाव सोडून जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांकडे भांडी ठेवली, दागिने ठेवले, गुरं सुद्धा. आणि दारं काढून नेली गेली, हेही त्याच आठवड्यांत झालंय. घंगाळ दोन्ही रस्त्यांनी घरात येऊ शकतं. आजी २००७ ला गेली. अहवाल मी वाचला २०१३ ला. तोवर विचारायला कोणी नव्हतं. आता ते घंगाळ माझ्या हैदराबादच्या फ्लॅटमध्ये आहे, एका उर्दू शिकवणाऱ्या शेजाऱ्यांकडून नाव वाचून घेतलं. पहिली दोन अक्षरं झिजली आहेत. जे उरलंय ते नाव आमच्या गावात कोणाला ओळखीचं वाटलं नाही. म्हणजे मी ज्यांना विचारलं त्यांना. सगळ्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

कॅसेट चढवून आल्यावर मी मित्राला फोन केला. तो सोलापुरात असतो, गाद्यांचंच दुकान आहे, आता फोमच्या. बूबू २००२ मध्ये गेली, मी तेव्हा पुण्यात होतो, मातीला जाऊ शकलो नव्हतो. फोनवर मी त्याला सगळं सांगितलं, वहीतल्या त्या ओळीचंही. तो म्हणाला, 'मला माहिताय की. मीच तुझ्यासमोर वाचली होती.' मग बराच वेळ मुलांच्या शाळेबद्दल बोललो.

मी विचारलं, तिचा आवाज पॉडकास्टमध्ये लावू का? त्यानं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तिनं जे सांगितलं त्याचा सारांश सांग, पण आवाज नको, गावाचं नाव नको. 'आमचे लोक अजून तिथंच राहतात. आणि ज्यांची पोरं गाद्या भरायला यायची, ती पण.' म्हणून या भागात तिचा आवाज नाही. कॅसेटवर खट् झाल्यावर पुढे तिनं काय सांगितलं असतं हेही त्यानं मला सांगितलं, कारण घरात ती ते वाक्य पूर्ण करायची. ते एक नाव आहे. मला माहीत असलेलं. ते मी इथं घेणार नाही, आणि कोणी मेसेज करून विचारू नये.

फाइल मात्र त्यानं मागून घेतली. बूबूचा फोटो त्यांच्याकडे एकच आहे, रेशनकार्डावरचा, आणि आवाज कुठंच नव्हता. परवा त्याचा मेसेज आला. त्याची धाकटी मुलगी सात वर्षांची आहे, तिला मुलाखत-बिलाखत काही कळत नाही. पण सुरुवातीला बूबू कोंबड्याला हाकलते, दखनीतून त्याच्या सात पिढ्या काढते, ते तिनं पाठ केलंय. दिवसभर घरात तेच चालू आहे म्हणे.